महिलांच्या डाउनहिल स्कीइंगमध्ये दोघींना सुवर्णपदक कसं दिलं? हजारावा सेकंद मोजता येत नाही का?

मोजता येतो. निकालासाठी धरायचा नाही, असा नियम आहे. उत्तर खरं तर एवढंच, पण तुम्ही खाली जी पुरवणी जोडली आहे, "की पंचांना ठरवता आलं नाही म्हणून वाटून टाकलं?", ती वाचून गप्प बसवेना. माझी सगळी नोकरी पुण्यात शाळेच्या मैदानावर पीटी शिकवण्यात आणि हातात स्टॉपवॉच धरण्यात गेली. हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे.

तुम्ही म्हणताय ती बर्फाच्या उतारावरून स्कीवर सुसाट खाली यायची शर्यत १२ फेब्रुवारी २०१४ ची, रशियातल्या सोची ऑलिंपिकमधली. स्वित्झर्लंडची डॉमिनिक गिसिन आठव्या क्रमांकावर उतरली, १ मिनिट ४१.५७ सेकंद. मग बाकीच्या एकेक जणी येत गेल्या आणि ती खाली उभी राहून बघत बसली. एकविसावी स्लोव्हेनियाची टीना माझे. फळ्यावर पुन्हा ४१.५७. ऑलिंपिकच्या अल्पाइन (म्हणजे डोंगरउतारावरच्या) स्कीइंगमध्ये सुवर्ण विभागून देण्याची ती पहिलीच वेळ, आणि हिवाळी ऑलिंपिकमधलं स्लोव्हेनियाचं पहिलं सुवर्णही तेच. दोघी हातात हात घालून पदकाच्या मंचावर चढल्या. रौप्य कोणालाच नाही. लारा गुट ४१.६७, तिला कांस्य.

वेळ कशी घेतात ते बघा. वर निघताना खेळाडूच्या नडगीने एक दांडी ढकलली जाते, तिथे घड्याळ सुरू. खाली प्रकाशाचा किरण तुटला की बंद. तो बुटाने तुटो, हाताने तुटो, काहीही चालतं. यंत्राकडे हजाराव्यापर्यंतची नोंद असते, पण निकाल काढताना शंभराव्यापुढचा आकडा छाटून टाकतात. आता ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने शंभराव्या सेकंदात अठ्ठावीस सेंटिमीटर अंतर जातं. हजाराव्यात जेमतेम पावणेतीन. कोणाची नडगी दांडीला जरा वर लागली, कोणाचा हात किरणात जरा आधी शिरला, यातच ते पावणेतीन सेंटिमीटर संपले. शिवाय या दोघी एकाच बर्फावरून आल्याच नाहीत. मधल्या बारा जणींनी तो उतार घासला होता, ऊन चढत होतं. डोंगर तोच, बर्फ वेगळा. एवढं सगळं सोडून देऊन हजाराव्या सेकंदावरून एकीला खाली बसवायचं, ही अचूकता नाही, अचूकतेचं सोंग आहे.

आता हे सोंग मी कुठे पाहिलं ते सांगते.

आमच्याकडे एका आंतरशालेय स्पर्धेत चौदा वर्षांखालील मुलींची शंभर मीटरची अंतिम फेरी होती. मुरमाचं मैदान, फक्कीने आखलेल्या लेन, सुरुवातीला क्लॅपर, म्हणजे आपटून आवाज करायच्या दोन फळ्या. तीन आणि चार नंबरच्या लेनमधल्या मुली अगदी बरोबरीने आल्या. रेषेवरचा एक पंच म्हणाला तीन, दुसरा म्हणाला चार. तिसरे पंच चहाला गेले होते (हे कुठल्याही अहवालात सापडणार नाही). माझ्या घड्याळात तीन नंबरची १३.८३, शेजारच्या मॅडमच्या घड्याळात चार नंबरची १३.८९. आमचे क्रीडाप्रमुख सर लगेच म्हणाले, "झालं की मग! तीन पहिली, चार दुसरी."

मी म्हटलं, सर, ही दोन घड्याळं दोन वेगवेगळ्या अंगठ्यांनी दाबली आहेत. मी क्लॅपर मिटताना बघून दाबलं, मॅडमनी आवाजावर दाबलं असेल तर? शंभर मीटर यायला आवाजालाच पाव सेकंदाहून जास्त लागतो. आणि हाताने घेतलेली वेळ पुढच्या दशांशावर न्यायची, हे तुम्हीच आम्हाला शिबिरात शिकवलंत. म्हणजे दोघींची १३.९. दोघींना पहिलं द्या.

सरांचं खरं दुखणं वेगळंच होतं. सुवर्णपदक एकच आणलं होतं. मंचावर नगरसेवक बसले होते, त्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं होतं, आणि निवेदक माइकवर तेच तेच बोलून थकला होता. सर म्हणाले, "बाई, मैदानावर निर्णय घ्यावा लागतो." तो त्यांनी घेतला. निकालपत्रकावर मोत्यासारख्या अक्षरात दोघींच्या नावापुढे १३.९ लिहिलं आणि शेजारच्या रकान्यात एक आणि दोन. सारखी वेळ, वेगळा नंबर, खाली सही. मुली मात्र एकाच बाटलीतलं ग्लुकोजचं पाणी पीत बसल्या होत्या. चार नंबरवाली येऊन एवढंच म्हणाली, "मॅडम, टायमिंग तेच लिहिलंय ना?"

सर आता निवृत्त आहेत, मीही. तळजाईच्या टेकडीवर सकाळी फिरताना भेट होतेच. सोचीची बातमी आली त्या दिवशी मी मुद्दाम पेपर घेऊन गेले होते. सरांनी वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "घड्याळं स्विस, बाईही स्विस. वाटणार नाहीत तर काय!" याला काय म्हणायचं? पक्षपातच करायचा तर आपल्या बाईला एकटीला सुवर्ण दिलं असतं ना? स्लोव्हेनियाला निम्मं कशाला देतील? आणि कांस्यवाली लारा गुटही स्विसच, तिचा दहा शतांश सेकंदाचा फरक कोणी पुसला नाही.

एक मान्य करायला हवं, नाहीतर कोणीतरी कॉमेंटमध्ये येऊन सांगेलच. लुजमध्ये, म्हणजे छोट्या घसरगाडीवर उताणं झोपून बर्फाच्या ट्रॅकवरून उतरतात त्या खेळात, हजारावा सेकंद धरतात. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकला महिलांचं सुवर्ण चार फेऱ्यांच्या बेरजेनंतर ०.००२ सेकंदाने ठरलं होतं. सरांच्या बाजूने हा एकच मुद्दा बरा आहे. पण तो ट्रॅक कायमचा बांधलेला असतो, बर्फ यंत्राने गार ठेवतात आणि सगळ्याजणी चार-चार वेळा उतरतात. डाउनहिलमध्ये एकदाच. त्याच बर्फाच्या ट्रॅकवर बॉबस्ले ही बसायची मोठी घसरगाडीही धावते, तिथे मात्र शंभराव्यावरच थांबतात, आणि २०१८ च्या ऑलिंपिकला दोघांच्या बॉबस्लेमध्ये कॅनडा आणि जर्मनी दोघांना सुवर्ण मिळालं. खेळ बदलला की रेघ बदलते. रेघ कुठे ओढायची ते शर्यतीच्या आधी ठरवा, एवढंच माझं म्हणणं. आणि शंभराव्यावर हरणारीला तरी न्याय मिळतो का, असं विचाराल तर त्याच २०१८ मध्ये सुपर-जी या स्कीइंगच्याच दुसऱ्या शर्यतीत ऑस्ट्रियाची आना फाइट ०.०१ सेकंदाने हरली. वाईट वाटलं, पण नियम आधीपासून माहीत होता. अन्याय म्हणणार नाही.

भारतातल्या मुली ऑलिंपिकच्या स्कीइंगमध्ये उतरल्या आहेत का, असंही विचारलंय. १९८८ ला कॅल्गरीत शैलजा कुमार स्लॅलममध्ये (खांबांमधून वळणं घेत उतरायची शर्यत) उतरल्या, २००६ ला तुरिनमध्ये नेहा आहुजा स्लॅलम आणि जायंट स्लॅलममध्ये. ऑलिंपिकच्या डाउनहिलमध्ये आपली कोणी नाही. त्या वेगाचा सराव करायला तसा लांब, कडक, जाळ्या लावलेला उतार लागतो. हा विषय मोठा आहे, माझा नाही.

तुमच्या सोसायटीत किंवा शाळेत शर्यती असतील तर एक ऐका. प्रत्येक गटासाठी सुवर्णपदक एक जास्तीचं आणा. पेठेत पन्नास-साठ रुपयांना मिळतं, उरलं तर पुढच्या वर्षी रिबन बदलून चालतं. पाहुण्यांना वेळ नसेल तर पाहुण्यांना जाऊ द्या. आणि सर, तुमचा नातू तुम्हाला हे वाचून दाखवेल याची मला खात्री आहे: त्या निकालपत्रकाची झेरॉक्स माझ्याकडे आहे. मुलींची नावं झाकून इथे टाकायची माझी तयारी आहे.