लघवी सुटते, पण दाखवायचं कोणाला?

डिचोलीकडच्या एक वहिनी ‘झोप लागत नाही, सारखी चिडचिड होते’ म्हणून माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) खरं दुखणं बोलता बोलता बाहेर आलं. गणेश चवथीला माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवीखाली) फुगडी रंगली की ह्या स्वयंपाकघरात नेवऱ्या तळत बसायच्या, कारण उडी मारली, खोकला आला, की लघवी सुटायची. कदंबाच्या बसने पणजीला जायचं असेल तर सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. जावेलाही पत्ता नव्हता.

उपाय मात्र चालू होते. मोबाइलवर ‘पेल्विक एक्स्पर्ट’ म्हणवणाऱ्या कुणाचे व्हिडिओ बघून त्या कित्येक महिने केगल, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम, करत होत्या. त्याने ओटीपोट दुखायला लागलं होतं. म्हणाल्या, “मॅडम, ह्याला नेमका डॉक्टर कुठला? बायकांचा की लघवीचा?”

हा प्रश्न मला सतत ऐकू येतो, आणि गोंधळ होणं साहजिक आहे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या तिघांनाही खालून झोळीसारखा आधार देतात. म्हणून जाणकारही वेगवेगळ्या वाटांनी आलेले असतात. अंग बाहेर येत असेल, बाळंतपणानंतर लघवी सुटत असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांच्यातलेच काही पुढे युरोगायनॅकॉलॉजीचं, म्हणजे बायकांच्या लघवीच्या आणि अंग बाहेर येण्याच्या तक्रारींचं, शिक्षण घेतात. लघवी अडकते, लघवीतून रक्त जातं, तर युरोलॉजिस्ट, म्हणजे सर्जरीनंतर मूत्रविकारांत एम.सीएच. किंवा डीएनबी ही पुढची पदवी घेतलेले. शौचाला कुंथूनही होत नसेल तर पोटविकारतज्ज्ञ किंवा गुदाशयाचे सर्जन.

फिजिओथेरपिस्ट बहुतेकींना आठवतच नाही, आणि रोजची मेहनत तर तिच्याबरोबरच करायची असते. बी.पी.टी. (फिजिओथेरपीची पदवी) नंतर एम.पी.टी. (पदव्युत्तर पदवी) केलेली, त्यातही स्त्रीआरोग्याचं प्रशिक्षण असलेली शोधावी. ‘तपासून मग व्यायाम देता का?’ असं सरळ विचारावं. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी 1948 मध्ये हे व्यायाम मांडले, तेव्हा योनीत ठेवून दाब मोजायचं साधनही त्यांनी वापरलं होतं. योग्य स्नायू आवळला जातोय का हे बाईला स्वतःला दिसावं म्हणून. व्हिडिओत नेमकं तेच राहून जातं. ज्यांचे स्नायू आधीच ताठलेले असतात, त्यांनी आणखी आवळले तर दुखणं वाढू शकतं.

निदान करणं माझं काम नाही. आम्ही दोघींनी एका वाक्याची तयारी केली: “खोकताना माझी लघवी सुटते.” पहिल्यांदा त्या इतक्या हळू बोलल्या की मला पुढे वाकावं लागलं. चार-पाचदा म्हटल्यावर आवाज फुटला. मग त्या बांबोळीला, गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) स्त्रीरोग ओपीडीत गेल्या. लघवी आणि साखर तपासली, आतून तपासणी झाली, आणि फिजिओथेरपी सुचवली गेली. तिथे कळलं की स्नायू सैल सोडणंच त्यांना जमत नव्हतं. आवळणं थांबवून आधी श्वासाबरोबर सोडायला शिकवलं.

दुखणं बरंच कमी झालंय. लघवी अजून अधूनमधून सुटते, उपचार चालू आहेत. पाणी कमी प्यायलं की लघवी गडद होते आणि मूत्राशयाला उलट जास्त त्रास होतो, हे पटल्यापासून प्रवासात बाटली सोबत असते. बसमधली धास्ती मात्र पूर्ण गेलेली नाही. सध्या आमचं बोलणं त्यावरच चाललंय.