वाचकांचे प्रश्न : मॅनेजर पासवर्ड भरत नाही तेव्हा

प्रश्न : नमस्कार सर. मांद्र्याला आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. पुढच्या खोलीतल्या एकाच कॉम्प्युटरवर बुकिंग, परदेशी पाहुण्यांचे सी-फॉर्म, जीएसटी, विजेचं बिल, बँक असं सगळं चालतं. त्यावर मी बसते, माझे दीर बसतात, मदतीला येणारी मुलगीही बसते. माझा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. गेल्या चतुर्थीला आला तेव्हा त्याने बिटवॉर्डन हा पासवर्ड मॅनेजर बसवून दिला. साइट उघडली की नाव-पासवर्ड भरलेलेच असतात. फार सोय झाली. पण हल्ली बँकेची साइट उघडली की काहीच भरलं जात नाही. मुलगा फोनवर म्हणतो, 'आई, कॉपी करून पेस्ट कर.' दीर म्हणतात, 'ते सगळं काढून टाका आणि वहीत लिहा.' मी कोणाचं ऐकू?
— एक भगिनी, मांद्रे

उत्तर : ताई, पेस्ट करू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण एवढं आजपासून पाळा.

पासवर्ड लक्षात ठेवायचा त्रास वाचतो म्हणून आपण पासवर्ड मॅनेजर घेतो. मला मात्र त्याचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. तो साइटचा पत्ता तपासतो. आपण साइट ओळखतो ती लोगोवरून आणि रंगावरून, आणि खोटी साइट बनवणारा नेमकं तेच उचलतो. पत्त्यात इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारीशेजारी बसवले, तर घाईत कोणाच्या लक्षात येणार? रशियन लिपीतलं एक अक्षर तर दिसायला हुबेहूब इंग्रजी 'ए'सारखं असतं. माणसाचा डोळा तिथे फसतो. मॅनेजर अक्षराचं रूप बघतच नाही, कॉम्प्युटरच्या हिशेबात ते अक्षर कोणतं आहे तेवढं बघतो. नोंदवलेल्या पत्त्याशी ते जुळलं नाही की तो गप्प राहतो. त्याचं गप्प राहणं हाच इशारा असतो. अशा वेळी पेस्ट करणं म्हणजे त्याने अडवून धरलेली गोष्ट आपल्या हाताने समोरच्याला देऊन टाकणं.

तुमच्या बाबतीत साइट खोटीच असेल असं नाही. मला तर दुसरीच शंका जास्त आहे. बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हा वेगळा पत्ता आणणार असल्याचं रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५मध्ये जाहीर केलं आणि बँकांना बदलासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ची मुदत दिली. चतुर्थी त्याच्या आधीची. मुलाने तेव्हा नोंदवला तो बँकेचा जुना पत्ता असणार. आता तुम्ही जुन्या पत्त्यावर गेलात तरी बँक तुम्हाला परस्पर नव्या पत्त्यावर नेते, आणि मॅनेजरला तो पत्ता अनोळखी आहे. असं असेल तर त्याने आपलं काम चोख केलं.

पण हा तर्क झाला, खात्री करायला हवी. तुम्ही त्या साइटवर कशा पोचता? मेसेजमधल्या किंवा व्हॉट्सॲपवरच्या लिंकवरून जात असाल तर ते पान बंद करा. गुगलवर बँकेचं नाव टाकून पहिलं जे दिसेल ते दाबत असाल तर तेही सोडा, कारण पुष्कळदा वर असते ती जाहिरात. पासबुकावर शाखेचा नंबर असतो. तिथे फोन करून नेटबँकिंगचा आत्ताचा पत्ता विचारा आणि तो हाताने टाइप करा. 'बँक डॉट इन' हे शब्द पत्त्यात कुठेतरी आहेत एवढ्यावर समाधान मानू नका. पत्त्यातल्या पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या अगदी लगेच आधी ते आले पाहिजेत. हे शेपूट फक्त बँकांनाच मिळतं. त्याची नोंदणी हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडून होते आणि ही संस्था रिझर्व्ह बँकेनेच उभारलेली आहे.

खात्री पटली की बिटवॉर्डनमध्ये बँकेची नोंद उघडा, 'एडिट' दाबा, वेबसाइटच्या रकान्यातला जुना पत्ता पुसून नवा लिहा आणि सेव्ह करा. मग बँकेचं पान पुन्हा उघडा. वर कोपऱ्यात बिटवॉर्डनचं ढालीचं चिन्ह आहे, त्यावर बारीकसा '१' आकडा दिसायला लागेल. या साइटसाठी माझ्याकडे एक नोंद आहे, असा त्याचा अर्थ. पुढेही कुठे पासवर्ड टाकायची वेळ आली की आधी त्या आकड्याकडे नजर टाकायची सवय लावून घ्या.

आता दिरांकडे येऊ. वही पत्ता तपासत नाही, म्हणून मी वहीच्या बाजूने नाही. पण त्यांच्या मनातली भीती खरी आहे आणि तुमच्या मुलाच्या ती लक्षात आलेली दिसत नाही. पान उघडताच आपोआप भरण्याची सोय बिटवॉर्डनमध्ये मुळात बंद असते. फसव्या किंवा पोखरलेल्या साइट तिचा गैरफायदा घेऊ शकतात, असं कंपनी स्वतःच सांगते. म्हणजे ती मुलाने मुद्दाम चालू केली आहे. पुण्यात त्याच्या खोलीतल्या लॅपटॉपवर ते कदाचित खपून गेलं असतं. होमस्टेच्या पुढच्या खोलीत नाही खपणार.

तुमच्याकडे रोज घडत असेल असाच प्रसंग घ्या. पाहुणा दाबोळीच्या किंवा मोप्याच्या विमानतळावर निघालाय, त्याला बोर्डिंग पासची प्रिंट हवीय, तुम्ही स्वयंपाकघरात आहात. मदतीची मुलगी म्हणते, 'बसा ना, काढा.' तो स्वतःचा ईमेल उघडायला जातो, पण टॅब सगळे तुमचेच. बुकिंगचं पान उघडलं की नाव आणि ठिपके आधीच भरलेले. ठिपक्यांच्या शेजारी बहुतेक साइटवर डोळ्याचं चिन्ह असतं, ते दाबलं की पासवर्ड वाचता येतो. चिन्ह नसलं तरी ब्राउझरमधल्या 'इन्स्पेक्ट'मध्ये जाऊन एक शब्द बदलला की ठिपक्यांची अक्षरं होतात. त्याला अर्धं मिनिटही लागत नाही. पाहुण्यांवर संशय घ्या असं मी म्हणत नाही. पण ज्या यंत्रावर कोणीही बसतं, त्यावर पासवर्ड आधीच भरून ठेवलेला असू नये.

साइटच्या आतही धोका असतो. डिसेंबर २०१७मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की जाहिरात कंपन्यांच्या दोन स्क्रिप्ट, म्हणजे पानाच्या आत चालणारे छोटे प्रोग्राम, पानावर लॉगिनचा अदृश्य फॉर्म टाकत होत्या. ब्राउझर तो खरा समजून भरायचा आणि स्क्रिप्ट त्यातून ईमेलचा पत्ता टिपून त्यावरून माणसाचा माग ठेवायच्या. त्यांनी पासवर्डला हात लावला नव्हता, पण वाट तीच होती. साइट अस्सल, पत्ता अस्सल, आणि भरण्याआधी कोणी कोणाला विचारलं नाही.

म्हणून माझं सांगणं असं. साइट ओळखायचं काम मॅनेजरला करू द्या. भरायचं कामही त्यालाच द्या, पण तुम्ही सांगाल तेव्हा. आणि लॉगिनचं बटण तुम्हीच दाबा. बिटवॉर्डनच्या सेटिंगमध्ये पान उघडताच भरण्याचा पर्याय बंद करा. मग हव्या त्या साइटवर कंट्रोल, शिफ्ट आणि एल एकदम दाबलं की तो भरेल. एका दाबण्याचा काय तो फरक, आणि पेस्ट तर अजिबातच नको. नाहीतरी 'आपोआप आत' हे तुमच्या कामात कितीसं चालतं? जीएसटीला कॅप्चा आडवा येतो, बँकेत ओटीपी येतो. हात लागतोच.

बिटवॉर्डनला पाच मिनिटांत स्वतःहून कुलूप लागेल असं ठेवा, आणि खुर्चीवरून उठताना विंडोजची कळ आणि एल दाबायची सवय तिघांनाही लावा. प्रिंटसाठी पाहुण्याला बसवण्यापेक्षा पीडीएफ तुमच्या ईमेलवर मागवा. ज्या बुकिंग पोर्टलवर कर्मचाऱ्याचं वेगळं लॉगिन काढता येतं, तिथे त्या मुलीला तिचं स्वतःचं द्या. परदेशी पाहुण्याचा सी-फॉर्म २४ तासांत जावा लागतो, त्यामुळे तुम्ही घरी नसताना तिला तिथे शिरावं लागणारच. पण त्यासाठी बँकेचा पासवर्डही तिच्या हाताशी असायची गरज नाही. बँक त्या कॉम्प्युटरवरून काढाच, तुमच्या मोबाइलवर वेगळी ठेवा. मुलाला हा अंक पाठवा. त्याने केलं ते आईच्या सोयीसाठीच केलं, आणि हे बदलायला त्याला दहा मिनिटंही लागणार नाहीत.

प्रश्न : तुम्ही नेहमी 'क्लिक करून भरा' म्हणता. पण ऑगस्ट २०२५मध्ये हॅकर मंडळींच्या डेफ कॉन परिषदेत दाखवलं गेलं, की क्लिकसुद्धा चोरता येतो. मग आपोआप भरण्यात आणि क्लिकमध्ये फरक काय उरला?
— एक विद्यार्थी, मडगाव

उत्तर : प्रश्न चांगला आहे, आणि तू वाचलंस ते खरं आहे. चेक संशोधक मारेक टोथ यांनी ते दाखवलं. मॅनेजरच्या एक्स्टेन्शनची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या त्याच्या भागाची, जी छोटी खिडकी पानावर उघडते, ती साइटच्या कोडने पूर्ण पारदर्शक करून टाकायची आणि तिच्या खाली कुकीची परवानगी मागणारं बटण ठेवायचं. आपण 'मान्य' दाबतो आणि प्रत्यक्षात 'भरा' दाबलं जातं. अनेक नामांकित मॅनेजर त्यात सापडले.

पण त्यातलं काय कुठे चोरता येत होतं, ते नीट बघ. क्रेडिट कार्ड आणि नाव-पत्ता यांना कोणत्याही साइटचं बंधन नसतं, त्यामुळे ते हल्लेखोराच्या स्वतःच्या साइटवरही काढून घेता येत होते. पासवर्डला पत्त्याचं बंधन असतं. तो मिळवायला त्या खऱ्या साइटमध्ये किंवा तिच्या उपपत्त्यावर आधीच एखादं भोक हवं. आणि तसं भोक असलं, तर आपोआप भरणाऱ्याच्या बाबतीत क्लिक चोरायचीही गरज उरत नाही. म्हणून फरक आहे, आणि तो क्लिकच्याच बाजूने आहे.

कार्ड एक्स्टेन्शनमध्ये ठेवू नकोस. एक्स्टेन्शन अद्ययावत ठेव, कंपन्यांनी दुरुस्त्या केल्या आहेत. क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या तपशिलात 'साइट ॲक्सेस' असतो, तो 'ऑन क्लिक'वर ठेव. मग पानावर काही उमटणारच नाही, वरचं चिन्ह दाबलंस तरच एक्स्टेन्शन त्या पानावर येईल. हे चिन्ह ब्राउझरच्या पट्टीवर असतं, तिथे साइटचा कोड पोचत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. लास्टपास कंपनीकडून लोकांच्या पासवर्डच्या प्रती चोरीला गेल्याचं वाचल्यापासून ऑनलाइन काही ठेवावंसं वाटत नाही. म्हणून पासवर्डची फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवणारं कीपास घेतलं आहे. ते स्वतः टाइप करून एंटरही मारतं. हे बरं ना?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : गुरुजी, कीपास उत्तम आहे. २०२२च्या त्या चोरीत ग्राहकांच्या व्हॉल्टच्या, म्हणजे पासवर्डच्या तिजोरीच्या, प्रती गेल्या. पासवर्ड कूटबद्ध होते, पण साइटचे पत्ते उघडेच होते. ज्यांचा मुख्य पासवर्ड दुबळा होता त्यांना खरा धोका. तुमची फाइल तुमच्याच घरात आहे, तेव्हा ती काळजी नाही. तिची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून कपाटात ठेवा. आपल्याकडे पावसात वीज सारखी जाते-येते आणि हार्ड डिस्क कधी दगा देईल ते सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र बदला. कीपासचं ते स्वतः टाइप करणं खिडकीच्या शीर्षकावर चालतं, साइटच्या पत्त्यावर नाही. शीर्षक काय ठेवायचं ते साइट बनवणारा ठरवतो. खोट्या साइटने तुमच्या बँकेचं नाव शीर्षकात घातलं तर कीपास तिथेही बिनदिक्कत टाइप करेल आणि शेवटी एंटर मारेल. मांद्र्याच्या ताईंना जे संरक्षण मिळतंय ते इथे नाही. नोंदीच्या 'ऑटो-टाइप' पानावर क्रम लिहिलेला असतो: नाव, टॅब, पासवर्ड, एंटर. त्यातला एंटर काढून टाका. टाइप झाल्यावर पत्त्याची पट्टी वाचा, मगच एंटर मारा. पट्टी आधी वाचली तर उत्तमच, कारण काही खोट्या साइट अक्षर टाइप होताहोताच टिपून घेतात. याहून बरं हवं असेल तर कीपासएक्ससी हे कीपाससारखंच दुसरं सॉफ्टवेअर वापरा. त्याचं ब्राउझर एक्स्टेन्शन पत्ता तपासतं, आणि तुमची फाइल त्यात तशीच उघडेल.

मुख्य पासवर्डसाठी एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्या. पाठ असलेल्या अभंगाची ओळ नको, कुलदैवताचं आणि गावाचं नावही नको. तो कागदावर लिहून कपाटात ठेवा आणि काकूंना जागा दाखवून ठेवा. तुम्हाला अचानक दवाखान्यात जावं लागलं तर विजेचं बिल त्यांना भरता आलं पाहिजे.

प्रश्न : आमची बँक पासवर्डच्या चौकटीत पेस्ट करूच देत नाही आणि मॅनेजरलाही अडवते. म्हणते, सुरक्षेसाठी. खरं का?
— एक वाचक, साखळी

उत्तर : नाही. उलट त्यामुळे लोक हाताने टाइप करता येईल असा सोपा पासवर्ड ठेवतात आणि पत्ता तपासणारं कोणी उरत नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने २०१७मध्ये साइटवाल्यांना पेस्ट करू द्यायला सांगितलं, आणि अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेच्या त्याच वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांतही तेच आहे. हे दोन संदर्भ देऊन बँकेच्या तक्रार निवारण विभागाला लेखी कळवा आणि पोच घ्या. तोवर मॅनेजरने पत्ता ओळखलाय का, हे त्याच्या चिन्हावरच्या आकड्यावरून बघा, आणि ओळखला असेल तर त्यातला पासवर्ड बघून हाताने टाइप करा. बँकेने कधी पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली, दिली तर लगेच घ्या. ती त्याच साइटच्या पत्त्याला बांधलेली असते आणि मोबाइलच्या बोटाच्या ठशाने चालते. चौकटीत भरायचं काहीच नसतं.