अहवाल देखणा आहे, पण तास किती?

प्रश्न: नमस्कार मॅडम. आम्ही काळाचौकीला राहतो. माझी मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, ५८ टक्के पडले. तिला लॅबमध्ये काम करायचंय, रक्त-लघवी तपासायचं. हार्बर लाइनवरच्या एका कॉलेजात ‘कम्युनिटी कॉलेज’ आहे, तिथे मेडिकल लॅबचा एक वर्षाचा डिप्लोमा मिळतो. चौकशीला गेलो तर त्यांनी वार्षिक अहवालाची पुस्तिका हातात दिली. सगळ्या पानांचे फोटो सोबत पाठवतेय. ‘१०० टक्के प्लेसमेंट’, सामंजस्य करार, पुरस्कार, ‘परिसराच्या विकासात मोलाचा वाटा’, बरंच काही आहे त्यात. हिचे बाबा म्हणतात, पदवी नाही तर काय उपयोग? माझा भाऊ न्यू जर्सीला असतो. तो म्हणतो, बिनधास्त घाला, माझा मुलगा कम्युनिटी कॉलेजातूनच पुढे गेला. आम्ही कुणाचं ऐकायचं?
– एक आई, काळाचौकी

उत्तर:

ताई, तुम्ही पुस्तिकेचं पानन् पान पाठवलंत हे फार बरं केलंत. लोक नुसतं ‘कॉलेज चांगलं आहे का?’ असं विचारतात आणि मग मला अंधारात चाचपडावं लागतं. मी दोनदा वाचली. दीपप्रज्वलनाचे फोटो पाच, शाल-श्रीफळाचे त्याहून जास्त. प्रयोगशाळेचा फोटो एकच, पान १७ वर. ओट्यावर सूक्ष्मदर्शक ओळीने मांडलेत आणि प्रत्येकावर प्लास्टिकचं कव्हर आहे. आता, फोटो सुट्टीत काढला असेल, उगाच शंका घेत नाही. पण एवढी गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आधी भावाचं निकालात काढू. तो खोटं बोलत नाहीये, फक्त त्याचं कम्युनिटी कॉलेज आणि तुमचं कम्युनिटी कॉलेज यांचं नाव तेवढं एक आहे. अमेरिकेत ही कल्पना १९०१ पासूनची, इलिनॉयमधल्या जोलिएटपासूनची. तिथे मुलं दोन वर्षं घराजवळ स्वस्तात शिकतात आणि मग विद्यापीठात जाऊन उरलेली दोन वर्षं पुरी करतात. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ च्या सुमारास जी योजना आणली, तिच्यात आहे त्याच कॉलेजात कौशल्याचे छोटे अभ्यासक्रम चालवायचे होते: सहा महिन्यांचं सर्टिफिकेट, वर्षाचा डिप्लोमा, दोन वर्षांचा ॲडव्हान्स्ड डिप्लोमा. वर्षाच्या डिप्लोमाला ६० क्रेडिट (शिकण्याच्या तासांवरून मोजायचं माप), त्यातली ३६ कौशल्याची, २४ सामान्य शिक्षणाची. कल्पना उत्तमच आहे. पण भाच्याचा रस्ता जिथे पोचला, तिथेच हा पोचेल असं धरून चालू नका.

आता खरा मुद्दा, आणि तो त्या पुस्तिकेत कुठेच नाही. लॅब टेक्निशियन हे आता कुणीही शिकून करावं असं काम राहिलेलं नाही. २०२१ साली केंद्राने सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यातल्या व्याख्येनुसार टेक्निशियनची पदविका किंवा पदवी किमान २,००० तासांची हवी, आणि ते तास दोन ते चार वर्षांत सेमिस्टरवार विभागलेले हवेत. दोन वर्षं, ताई. तुमच्या हातातली पुस्तिका एका वर्षाचं बोलते. महाराष्ट्रात नोंदणीसाठी परावैद्यक, म्हणजे पॅरामेडिकल, परिषदही आहे. एनएबीएलची, म्हणजे लॅबचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेल्या लॅबमध्ये तर माणूस घेताना कागद तपासतातच. वर्षाचा डिप्लोमा करून एखाद्या छोट्या लॅबमध्ये काम मिळणारच नाही असं मी म्हणत नाही, मिळतं. पण तिथून मोठ्या हॉस्पिटलात जायची वेळ येते तेव्हा मुली अडकतात. पाच वर्षं रोज नळ्या हाताळलेली मुलगी आणि कागदावर मात्र काहीच नाही, अशा मुली माझ्यासमोर येऊन रडल्यात.

म्हणून कॉलेजात पहिला प्रश्न प्लेसमेंटचा विचारू नका. विचारा: हा डिप्लोमा म्हणजे पहिली पायरी आहे की शेवटची? म्हणजे त्याच कॉलेजात पुढे ॲडव्हान्स्ड डिप्लोमा, मग तीन वर्षांचं बी.व्होक., म्हणजे व्यवसाय-कौशल्याची पदवी, आहे का? वर्ष झाल्यावर मुलगी थेट दुसऱ्या वर्षाला बसते का? एकूण तास किती, त्यातले हॉस्पिटलात किती? आणि हे परिषदेकडे चालतं असं लेखी देता का? ‘लेखी’ म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा बघा. चेहऱ्यावर बरंच लिहिलेलं असतं.

हिच्या बाबांचं इथे अर्धं बरोबर आहे. एमपीएससी किंवा बँकेच्या परीक्षांना पदवी लागते, तिथे हा डिप्लोमा चालणार नाही. पण बी.व्होक. ही पदवी आहे. बी.एस्सी. किंवा बी.कॉम. असते तशीच. शिवाय २०२१ पासून क्रेडिटची बँक आली आहे. एक वर्ष करून काही कारणाने थांबली, तरी मिळवलेली क्रेडिट सात वर्षांपर्यंत तिच्या खात्यात राहतात. बाबांना हे सांगा. वर्ष फुकट जाणार ही भीती निम्म्याने कमी होईल. आणि ‘डिप्लोमा’ या शब्दाने घरात गोंधळ होऊ देऊ नका. पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा तंत्रशिक्षण मंडळाचा असतो, त्याच्या नोकऱ्या वेगळ्या. नातेवाईक दोन्हींना ‘डिप्लोमाच ना’ म्हणतात.

आता ते ‘१०० टक्के’. हा आकडा खोटा असतो असं नाही, तो कशातून काढला एवढंच सांगत नाहीत. समजा ६० मुलांनी प्रवेश घेतला. ट्रेनची गर्दी, घरची अडचण, लग्न, काहीतरी होऊन ३५ परीक्षेला बसली. ३० पास झाली. त्यातल्या २० जणींनी ‘नोकरी हवी’ असा फॉर्म भरला आणि वीसच्या वीस कुठेतरी लागल्या. झाले १०० टक्के! त्यातल्या पाच कॉल सेंटरला गेल्या असतील, तरी १०० टक्केच. तुम्हाला हवा तो आकडा म्हणजे त्या साठांपैकी किती जणी आज लॅबमध्ये उभ्या आहेत. अमेरिकेत निदान एवढं तरी आहे की दोन वर्षांच्या कोर्सला बसलेल्यांपैकी तीन वर्षांत किती पूर्ण झाले, हे कॉलेजांना कायद्याने जाहीर करावं लागतं. भावाला म्हणावं, तुझ्या गावचा हा आकडा बघ, तोही थोडा चपापेल.

आपल्याकडे याचं उत्तर दुसऱ्या कागदात सापडतं. नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची, मान्यता असलेल्या कॉलेजला दरवर्षी वार्षिक गुणवत्ता हमी अहवाल द्यावा लागतो, कॉलेजात त्याला सगळे ‘एक्यूएआर’ म्हणतात. कॉलेजच्या संकेतस्थळावर ‘आयक्यूएसी’ (कॉलेजचा गुणवत्ता कक्ष) असं एक खण असतं, त्यात तो असतो. त्याला दीपप्रज्वलनाचे फोटो नसतात म्हणून कुणी वाचत नाही. सात निकष आहेत. तुम्ही पाचवा उघडा, विद्यार्थ्यांना मिळणारं साहाय्य आणि त्यांची पुढची वाटचाल असा तो आहे. किती विद्यार्थी नोकरीला लागले, किती पुढे शिकायला गेले, हे तिथे येतं. सोबतच्या तक्त्यात बहुतेक वेळा अभ्यासक्रम, कंपनी आणि पगारही असतो. पण सांभाळून: हा सगळा अख्ख्या कॉलेजचा हिशेब असतो, त्यात बी.कॉम.ची शेकडो मुलं असतात. अभ्यासक्रमाच्या रकान्यावर बोट ठेवून तुमच्या डिप्लोमाच्या ओळी तेवढ्या मोजा. तीन वर्षांचे अहवाल काढा. मुलीला मोबाइलवर तासाभराचं काम आहे. आणि वर्षानुवर्षं तीच चार नावं फिरताहेत का, हेही बघा.

‘परिसराच्या विकासात मोलाचा वाटा’ या वाक्याला मात्र मी हसणार नाही. या शहरात असं खरोखर घडलंय. गिरण्यांना शिकलेला माणूस हवा होता, तेव्हा १८८७ मध्ये भायखळ्याला व्हीजेटीआय ही तंत्रशिक्षणाची संस्था निघाली, पुढे १९२३ मध्ये ती माटुंग्याला गेली. प्लेगची साथ आल्यावर १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसात प्लेगची प्रयोगशाळा आली, तीच आजची हाफकिन संस्था. मग १९२६ मध्ये केईएम, १९४१ मध्ये टाटा हॉस्पिटल. गिरण्या ८२ च्या संपानंतर बंद होत गेल्या, पण त्याच रस्त्यांवर आज शेकडो लॅब आहेत, आणि त्यांना सकाळी सहाला येऊन रक्त काढणारी माणसं लागतात. काळाचौकीच्या मुलीला ही नोकरी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मुंबईत याची किंमत पगारात मोजू नका, झोपेत मोजा.

तर त्या वाक्याखाली पुस्तिकेत काय दिलंय? रक्तदान शिबिर, स्वच्छता मोहीम, एका वस्तीत आरोग्य तपासणी. चांगलंच आहे, करावंच. पण लॅबच्या डिप्लोमाचा परिसरावर परिणाम म्हणजे परिसरातल्या लॅबमध्ये त्यांच्या मुली दिसल्या पाहिजेत. हे तपासायला अहवालही लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात मी लालबागला माझी शुगर तपासायला गेले होते. तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी होती. दंडाला पट्टा बांधला, बोटाने दोनदा चाचपलं आणि पहिल्या खेपेला शीर पकडली. माझी शीर सापडत नाही, भलेभले तीनदा टोचतात. मग नळ्या लावल्या, आधी पिवळी, मग जांभळी, शेवटी करडी. मी सहज विचारलं, हा क्रम का? हात न थांबवता म्हणाली, “जांभळीतलं केमिकल पिवळीत गेलं तर पोटॅशियम खोटं येतं, बाई मारतील मला.” बाई म्हणजे तिच्या कॉलेजच्या. कॉलेज असंच एक, उपनगरातलं, कुणी नाव ऐकलेलं नसेल. तिथे आधी रबरी हातावर शिकवलं, मग एकमेकींच्या हातावर आणि मग सहा महिने हॉस्पिटलात सकाळच्या पाळीला. त्या कॉलेजची पुस्तिका कशी दिसते मला माहीत नाही, पण कुणी विचारलं तर मी आधी तिथे पाठवते.

तुमच्या भागातल्या चार-पाच लॅबमध्ये लेकीलाच पाठवा. दुपारी बारानंतर, तेव्हा गर्दी ओसरलेली असते. ‘ताई, तुम्ही कुठे शिकलात?’ एवढंच विचारायचं. तुमच्या कॉलेजचं नाव दोनदा आलं तरी मला चालेल. एकदाही आलं नाही, तर पुस्तिकेतले बारा सामंजस्य करार कपाटातच आहेत असं समजा. करारांबद्दल कॉलेजात विचारायचा प्रश्नही सोपा आहे: या हॉस्पिटलात गेल्या वर्षी आपल्या किती मुली गेल्या, किती आठवडे?

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. बारावीला तिचं बायोलॉजी होतं ना? असेल तर वर्षाच्या डिप्लोमाआधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकलची पदवी, बघा. तीन वर्षं आणि वर कामाचं एक वर्ष, त्यात लॅबची शाखा आहे. मेडिकल कॉलेजांमध्येच चालतं, म्हणजे शिकणं हॉस्पिटलातच. जागा थोड्या, ५८ टक्क्यांवर मिळेलच असं नाही, पण अर्ज करायला काय जातं? मिळालं तर प्रश्नच मिटला. नाही मिळालं आणि कम्युनिटी कॉलेजात वरच्या पायऱ्या खरंच असतील, तर तिथे घाला, मी आडवी येणार नाही. पायऱ्या नसतील तर नको, फी कितीही कमी असो. फीचं म्हणाल तर मुलींसाठी २०२४-२५ पासून आलेली शुल्कमाफी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून होणाऱ्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे. असले डिप्लोमा बहुधा त्या प्रक्रियेबाहेर असतात. ‘मुलींना सगळं फुकट’ असं कुणी सांगितलं तर महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमाचं नाव शोधूनच पैशांचा हिशेब मांडा.

कॉलेजात शनिवारी नको, कामाच्या दिवशी जा, अकराच्या सुमाराला. प्रश्न तिला विचारू दे, तुम्ही बाहेर बाकावर बसा. आणि निघताना पान १७ वरची ती लॅब दारातून बघून घ्या. कव्हरं काढलेली असतील आणि ओट्यावर डाग असतील, तर मला फोन करा, पुढचं बोलू.