मजकूर दाखवू नका, त्यांची बाजू मागा

प्रश्न : मी सांगलीच्या एका कॉलेजात एस.वाय.बी.ए.ला आहे. आम्ही काही मित्रमैत्रिणी मिळून दर महिन्याला चार पानी अंक काढतो. मुलींच्या वसतिगृहातल्या पाण्याच्या टाकीवर बातमी केली, तर ऑफिसने अंक वाटू दिला नाही. ‘आधी मजकूर दाखवा, मग छापा’ म्हणाले. झेरॉक्सचा खर्च कॉलेजच देतं. अमेरिकेत मुलं दैनिकं चालवतात म्हणे. त्यांना कोणी अडवत नाही का, ताई?

उत्तर : अडवतात की! ‘द स्टॅनफर्ड डेली’ हे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचं वृत्तपत्र १८९२ पासून निघतंय. एप्रिल १९७१ मध्ये एका निदर्शनात पोलीस जखमी झाले आणि त्याचे फोटो हवेत म्हणून पोलिसांनी या मुलांच्या ऑफिसची झडती घेतली. आधीच छापलेल्या फोटोंपलीकडे हाती काही लागलं नाही. मुलं कोर्टात गेली, सुप्रीम कोर्टापर्यंत लढली आणि १९७८ मध्ये हरली. पण त्यावरून इतका गदारोळ झाला की १९८० मध्ये पत्रकारांच्या कागदपत्रांना संरक्षण देणारा कायदाच आला. दरम्यान १९७३ मध्ये हे वृत्तपत्र विद्यापीठापासून स्वतंत्र झालं होतं.

ते स्वातंत्र्य पन्नास वर्षांनी उपयोगी पडलं. २०२२ मध्ये पहिल्या वर्षाला असलेल्या थिओ बेकरने थेट विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या जुन्या शोधनिबंधांतल्या प्रतिमांमध्ये फेरफार असल्याची शंका घेणारी बातमी दिली. या शंका संशोधकांमध्ये आधीपासून चर्चेत होत्या. त्याने त्या तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्षांनी स्वतः फेरफार केल्याचं समितीला आढळलं नाही, पण चुका वेळीच दुरुस्त केल्या नाहीत, असा ठपका आला आणि जुलै २०२३ मध्ये त्यांनी राजीनामा जाहीर केला. खर्च विद्यापीठाच्या हातात असता तर ही बातमी छापून आली असती का, याची मला दाट शंका आहे.

म्हणून आधी झेरॉक्सचे पैसे स्वतः उभे करा. मेसवाले, पुस्तकांचं दुकान, कोपऱ्यावरचा स्टेशनरीवाला छोट्या जाहिराती देतात. नोंदणीसाठी २०२३ चा नियतकालिकांचा कायदाही एकदा जाणकाराला विचारून घ्या.

आता टाकी. तुमच्यापैकी कोणी तिचं झाकण उघडून पाहिलंय का? शेवटची कधी धुतली, हे रेक्टरबाईंना लेखी विचारा आणि पोच घ्या. पाण्याचा नमुना जिल्हा आरोग्य प्रयोगशाळेत द्या. त्यासाठीची निर्जंतुक बाटली तिथूनच मागून घ्या, घरातली चालत नाही. कॉलेज अनुदानित असेल तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज करा. उत्तराची मुदत तीस दिवसांची असते.

प्राचार्यांना मजकूर दाखवू नका. प्रश्न मात्र नक्की द्या, उत्तराला दोन दिवस द्या आणि जे उत्तर येईल ते न कापता छापा. नाही आलं तर तसंही छापा. बातमीदार म्हणून एवढं तुम्ही त्यांचं देणं लागता, आणि ते चुकतं केलंत की तुमच्या बातमीकडे बोट दाखवायला त्यांना जागा उरत नाही.

आणि ज्या मुलींनी तुम्हाला ही गोष्ट सांगितली, त्यांची नावं, वर्ग, खोलीचा नंबर यातलं काहीही अंकात येऊ देऊ नका. पुढच्या वर्षी त्यांना त्याच वसतिगृहात जागा मागायची आहे.