बाकावरचे शेवटचे तिघे

भाऊ, 16 जणांच्या हॉकी संघात शेवटचे तिघे निवडताना तू दांडगट पोरांकडे झुकतोयस. माझं ऐक, पळणारे घे. हॉकीत बदलीला मर्यादा नाही. ताज्या दमाचा पोरगा तीन-चार मिनिटं जीव तोडून समोरच्यांवर दबाव टाकतो अन् परत बाकावर येतो. आपल्या नागपूरच्या एप्रिलच्या उन्हात तिसऱ्या क्वार्टरला समोरच्या बॅकचे, म्हणजे बचाव करणाऱ्याचे, हात गुडघ्यांवर येतात. नेमका तेव्हा हा ताजा पोरगा मैदानात सोड. धसमुसळ्याला हिरवं कार्ड मिळालं की 2 मिनिटं दहाच जण उरतात, ते फार महागात पडतं. एक दणकट मात्र ठेवच, पण टॅकलला, म्हणजे चेंडू हिसकावताना, स्टिक जमिनीला टेकवणारा. अन् पेनल्टी कॉर्नर (बचावाच्या चुकीबद्दल गोलजवळून मिळणारा फटका) मिळाल्यावर तो संपेपर्यंत बदली होत नाही, म्हणून त्या दणकटाला आधीच मैदानात उतरव.