आजार पोराला, मग ट्रेनिंग आईवडिलांना कशाला?

आमच्या घरी सासूबाईंनी अगदी हेच विचारलं होतं, "आजार पोट्ट्याले अन् शिकवणी तुमाले?" तुमचा मुलगा 5 वर्षांचा, एडीएचडी (लक्ष टिकत नाही, चुळबुळ नि उतावळेपणा फार, तो आजार) निघालं आणि डॉक्टर औषधाऐवजी आधी तुम्हालाच ट्रेनिंग घ्या म्हणतात, तर ते तुम्हाला टाळून नाही राहिले. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची 2019 ची गाइडलाइनपण हेच सांगते, 4-5 वर्षांत आधी पालकांचं ट्रेनिंग, सहाच्या पुढे साधारण औषध आणि ट्रेनिंग दोन्ही.

या पोरांना नियम तोंडपाठ असतात हो, पण ऐन वेळी ब्रेक लागत नाही, आणि त्या ऐन वेळी समोर थेरपिस्ट थोडीच असतो, आपणच असतो नं. म्हणून आपल्याला शिकवतात.

शिकवतात काय, तर दिसायला एकदम फालतू गोष्टी. किचनमधून "अरे बूट घाल, डबा घे, व्हॅन आली" असं ओरडायचं नाही. जवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा, त्यानं बघितलं की फक्त "बूट घाल". घातले की तिथल्या तिथे "पहिल्यांदा सांगितलं आणि लगेच घातलेस, मस्त!" नुसतं गुड बॉय नाही, काय चांगलं केलं ते सांगायचं. आमच्याकडे त्यासोबत बरणीत एक राजम्याचा दाणा पडायचा, आणि संध्याकाळी दाणे मोजून फुटाळा तलावावर चक्कर किंवा एक जास्तीची गोष्ट. बक्षीस त्याच दिवशी हवं, परीक्षेनंतर सायकल वगैरे या मुलांसाठी फार लांबचं आहे, त्याच्या जोरावर आत्ता थांबणं होत नाही.

एक आधीच सांगते, चॉकलेटसाठीच्या रडगाण्याकडे दुर्लक्ष करायला लागलात की सुरुवातीला ते वाढतं, सीताबर्डीच्या भर गर्दीत वाढतं, लोक बघतात, आणि तिथे वैतागून चॉकलेट दिलं की तो शिकतो अजून जोरात रडायचं. रट्टे देऊन तर काहीच होत नाही, पोरगं फक्त घाबरतं.

आणि नवऱ्याला पण घेऊन जा, एकानं दाणे टाकायचे नि दुसऱ्यानं ओरडायचं असं चालत नाही.

नागपुरात मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) मानसोपचार ओपीडीत चौकशी करून बघा. कुठेही गेलात तरी आधी विचारा की आम्हाला काय शिकवणार, कारण पोराला आत घेऊन तासभर खेळवतात आणि तुम्हाला बाहेर बाकड्यावर बसवतात, तर डॉक्टरांनी सांगितलेलं ट्रेनिंग ते नव्हे.