जुनी ऑटोमॅटिक गाडी: गिअरबॉक्स उतरवण्याआधी

गेले काही महिने येणाऱ्या पत्रांत एकच वाक्य फिरून फिरून वाचावे लागते : ‘मेकॅनिक म्हणतो, गिअरबॉक्स गेला.’ गिअरबॉक्स गेला हे निदान नव्हे. शिवाय टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलच्या प्रवाहातून पुढे देणारा), सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पुल्यांवर फिरणारा पट्टा), एएमटी (साधा गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर यंत्र हलवते) आणि ड्युअल क्लच (आलटून पालटून चालणारे दोन क्लच) या चारही रचनांना आपण सरसकट ‘ऑटोमॅटिक’ म्हणतो. प्रत्यक्षात त्यांची दुखणी वेगळी आणि औषधेही वेगळी. म्हणून पत्रात गाडीचे मॉडेल, वर्ष आणि किलोमीटर अवश्य लिहावेत.

प्रश्न : माझी 2009 ची टॉर्क कन्व्हर्टर असलेली सेडान सकाळी ‘डी’मध्ये टाकल्यावर दोन-तीन सेकंद जागची हलत नाही आणि मग झटक्याने निघते. गरम झाल्यावर त्रास नाही. (कोथरूड)

प्रथम गिअरबॉक्स ऑइलची पातळी तपासावी, कारण ती कमी असेल तर गिअरबॉक्समधल्या क्लचपर्यंत पुरेसा दाब वेळेत पोहोचत नाही. पातळी ठीक निघाल्यास कडक झालेली रबरी सिले किंवा व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब योग्य क्लचकडे वळवणारा भाग) यांच्याकडे संशय वळतो. ही तपासणी इंजिन ऑइलसारखी होत नाही : डिपस्टिक असलेल्या बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स गरम आणि इंजिन चालू असताना पातळी पाहतात, काहींत इंजिन बंद करून लगेच, आणि डिपस्टिकच नसेल तर गाडी लिफ्टवर घेऊन, ऑइल ठरावीक तापमानाला असताना बूच उघडून पाहावे लागते. गाडीच्या पुस्तिकेत जी पद्धत दिली असेल तीच बरोबर. तोपर्यंत गाडी निघावी म्हणून ॲक्सिलरेटर दाबू नये. ज्या क्षणी क्लच पकडतो त्या क्षणी तुम्ही त्याच्या प्लेटा जाळत असता.

प्रश्न : सिग्नलला ‘एन’मध्ये टाकावे का? (औंध)

थोड्या थांब्याला गरज नाही. ब्रेक दाबून ठेवावा.

प्रश्न : सिंहगडाचा घाट उतरताना न्यूट्रलमध्ये टाकल्यास पेट्रोल वाचते असे मित्र सांगतात. (धायरी)

मित्र चुकीचे सांगतात. इंजिनाचा रोध नाहीसा होतो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापतात. घाट उतरताना खालचा गिअर धरून ठेवणारे ‘एल’, ‘2’ किंवा ‘एस’ वापरावे.

प्रश्न : गाडी एक लाख दहा हजार किलोमीटर चालली आहे, गिअरबॉक्स ऑइल एकदाही बदललेले नाही. ‘आता बदलाल तर गिअरबॉक्स बसेल’ असे दोघांनी सांगितले. शोरूमने तर ते ‘आयुष्यभराचे’ असल्याचे सांगितले होते. (बिबवेवाडी)

आयुष्यभराचे म्हणजे कोणाच्या आयुष्यभराचे, हे त्या वेळी विचारायला हवे होते. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटर किंवा आठ वर्षे अशी ऑइल बदलण्याची मुदत सुचवते; तेव्हा गाडी विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा मी गिअरबॉक्स बनवणाऱ्याच्या शब्दाला अधिक मान देतो. त्यातही आपला वापर म्हणजे कर्वे रस्त्यावर सायंकाळी तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटणे. या उष्णतेने ऑइल लवकर म्हातारे होते, आणि अशा खडतर वापरासाठी अनेक पुस्तिकांत वेगळे, कमी अंतराचे वेळापत्रक असते, जे कोणी वाचत नाही.

राहिला प्रश्न ‘बदलले आणि बसला’ या कथांचा. बहुतेक लोक गिअर घसरू लागल्यावर, म्हणजे इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही अशी अवस्था आल्यावरच ऑइल बदलायला जातात. तोवर क्लचच्या प्लेटा झिजलेल्या असतात. नवे ऑइल त्यांना पुन्हा जाड करू शकत नाही. पुढे गिअरबॉक्स बंद पडला की कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते आणि दोष ऑइलच्या माथी बसतो. मात्र एका गोष्टीत धोका खरा आहे : यंत्राने दाब देऊन केलेला ‘फ्लश’. त्याने तळाशी बसलेला गाळ हलून व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत अडकू शकतो. जुन्या गाडीत साधे निचरा करून भरणेच बरे. एका वेळी साधारण एक-तृतीयांश ते निम्मे ऑइल निघते, कारण उरलेले कन्व्हर्टरमध्ये राहते. म्हणून काही दिवस गाडी चालवून पुन्हा एकदा बदलावे.

ऑइल मात्र पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचेच हवे. सीव्हीटीमध्ये साधे एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल) ओतणे म्हणजे पट्टा घसरण्याला आमंत्रण आहे. ‘सर्व गाड्यांना चालते’ असे लिहिलेला डबा आणि गिअर घसरणे थांबवणारी जादूची बाटली या दोन्हींचा लाभ विकणाऱ्याला होतो. तुमच्या गाडीत गिअर आधीच घसरत असतील, किंवा निघालेले ऑइल काळे, जळका वास येणारे आणि धातूचे कण असलेले असेल, तर पुढचे पाऊल जाणकाराला दाखवूनच टाकावे.

प्रश्न : साठच्या वेगाला, ॲक्सिलरेटर हलका असताना, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवते. (हडपसर)

टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच, म्हणजे स्थिर वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच, हे कारण असू शकते. पण स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल आणि इंजिन माउंटिंग यांनीही अशीच थरथर होते. ब्रेक किंचित टेकवताच लॉक-अप सुटतो, त्यामुळे त्याच क्षणी थरथर थांबते का, हे मेकॅनिकला सोबत घेऊन मोकळ्या रस्त्यावर पाहावे. स्वस्त कारणे आधी बाद करावीत.

प्रश्न : स्कॅनरवर पी0700 आले. गॅरेजवाल्याने लगेच जुना गिअरबॉक्स बसवण्याचा खर्च सांगितला. (पिंपळे सौदागर)

पी0700 चा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या नियंत्रकात काहीतरी दोष नोंदला गेला आहे. तो दोष कोणता, हे त्या नियंत्रकातील पुढचा कोड सांगतो, आणि तो वाचण्याआधी खर्च सांगणारा माणूस अंदाजाचे पैसे मागतो आहे. सोलेनॉइड (विजेवर उघडझाप होणारा व्हॉल्व्ह), वायरिंग, वेगाचा सेन्सर, इतकेच काय, अशक्त बॅटरीसुद्धा असा कोड आणू शकते. दुसऱ्या ठिकाणी पूर्ण स्कॅन करून अहवाल लेखी घ्यावा.

प्रश्न : 2015 ची एएमटी आहे. उड्डाणपुलाच्या चढावर वाहतुकीत थांबले की जळका वास येतो. (वारजे)

तुम्ही गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरत असणार. एएमटीत साध्या गाडीचाच क्लच असतो, फक्त पाय यंत्राचा. चढावर ब्रेक किंवा हँडब्रेक वापरावा. क्लच प्लेट तपासून घ्यावी आणि बदलल्यास स्कॅनरने नव्याने जुळवणी केल्याची खात्री करावी.

प्रश्न : जुलै 2024 च्या पुरात एकतानगरीत गाडी पाण्यात होती. नंतर सुरू झाली, म्हणून वापरत राहिलो. आता गिअरबॉक्स ऑइल गुलाबी, दुधाळ दिसते. मुंबईला एक फेरी करून मग दाखवले तर चालेल का? (सिंहगड रस्ता)

नाही. ऑइलमध्ये पाणी आहे. ते पुराचे असेल, किंवा रेडिएटरमधील ऑइल कूलर फुटून आलेले कूलंट असेल. दोन्ही स्थितींत क्लचच्या अस्तराचा चिकटपणा सुटतो आणि बेअरिंगे गंजतात. इतके दिवस काढलेत, आता आणखी एक किलोमीटरही नको. इंजिन सुरू न करता फ्लॅटबेड, म्हणजे पूर्ण गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक, मागवावा. इंजिन ज्यांना फिरवते ती चाके जमिनीवर ठेवून गाडी ओढून नेऊ देऊ नये, कारण इंजिन बंद असताना बहुतेक गिअरबॉक्सना ऑइल पुरवणारा पंपही बंद असतो.